सोलच्या जोंगनो भागात ग्योंगबोकगुंग राजवाडा आणि बुकचोनची जुनी घरे एका दिवसात पाहायची तर मेट्रोने कुठे उतरावे?

मार्ग ३ वरच्या ग्योंगबोकगुंग स्टेशनवर उतरा आणि ५ क्रमांकाच्या दाराने वर या. ते थेट राजवाड्याच्या आवारात निघते. नकाशावर ‘ग्वांगह्वामुन’ वाचून बरेच जण मार्ग ५ वरच्या त्या नावाच्या स्टेशनवर उतरतात. तिथून राजवाड्याचे ग्वांगह्वामुन दार चौक ओलांडून पलीकडे आहे. अर्थात चौकातले पुतळे पाहायचे असतील तर तेच बरे: नौसेनापती यी सुन-शिन आणि हंगुल लिपी घडवणारा राजा सेजोंग. बुकचोनसाठी मार्ग ३ वरचेच पुढचे स्टेशन, आंगुक. मात्र राजवाडा मंगळवारी बंद असतो (शेजारचा चांगदोकगुंग सोमवारी), आणि बुकचोनच्या मुख्य गल्लीत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा. नंतर फिरल्यास दंड होतो.