मलम लावलं की गजकर्ण जातं, थांबवलं की परत येतं. कायमचा उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की मेडिकलमधून आणलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबते आणि ट्यूब संपली की चट्टे दुप्पट होऊन येतात. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काहीही दिसलं, तर तुमचं गजकर्ण गेलेलंच नव्हतं. ही स्टेरॉइडं आहेत. सोबत क्लोट्रिमॅझोल हे गजकर्णाच्या बुरशीवरचं औषधही छापलेलं असतं, म्हणून माणूस फसतो. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीशी लढणारी त्वचेची ताकदही दाबतं. वरून सगळं शांत, बुरशी पसरायला मोकळी.

एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण यावरून आमच्या घरात महाभारत झालंय.

सासूबाईंना पहिल्यांदा कमरेला झालं, परकराची नाडी बसते तिथे. धाकट्या भाऊजींनी ओळखीच्या दुकानातून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज बंद! भाऊजींची कॉलर ताठ. मग तीच ट्यूब घरभर फिरली. सासूबाईंची कंबर, मामंजींची काख, नवऱ्याची जांघ, आणि पावसाळा सरेपर्यंत माझ्या लेकाच्या गालावरही गोल कडं उठलं. यावर घराने काढलेलं निदान असं, की सून सगळ्यांचं धुणं एकत्र भिजवते. शिवाय अंगात उष्णता. त्यापायी वांगं आणि आंबट बंद. वांग्याचा आणि बुरशीचा काडीचा संबंध नाही, पण माझं भरलं वांगं मात्र गेलं.

शेवटी मीच सगळ्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. चट्ट्याची कड खरवडून त्यांनी काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ही तपासणी साधी असते, मागून घ्या. नवऱ्याच्या जांघेत स्टेरॉइडने कातडी पातळ होऊन बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटले होते. ते पुसले जात नाहीत. मग डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, करदोटा काढा.

झालं! ‘बाप्यामाणसाचा करदोटा काढत नसतात.’ अहो, तो दोरा आंघोळीने ओला, घामाने ओला, कधी साबण नाही, ऊन नाही, आणि चोवीस तास कातडीला घासतोय. बुरशीला आणखी काय हवं? दर आठवड्याला नवा बांधू म्हटलं, तेही नको. औषध सगळ्यांचं सारखंच चालू होतं. सगळे बरे झाले, नवरा तेवढा खाजवत राहिला. एका रात्री त्याने स्वतःच कात्रीने कापला आणि आईला सांगितलं, तुटला. त्यानंतर त्याचंही आटोक्यात आलं. सासूबाईंच्या मते नवसाने.

भाऊजी अजून म्हणतात, ‘माझ्या ट्यूबने खाज तरी थांबली होती.’ चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची मलमं विकू नयेत म्हणून 2018 मध्ये सरकारने नियम कडक केले. भाऊजींना कुणी चिठ्ठी विचारली होती? तुम्हाला तरी विचारली का?

तर, स्टेरॉइड नसलेलं बुरशीचं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावा आणि डाग दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे लावत राहा. अंगभर पसरलं असेल तर गोळ्या लागतात. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर नाही. टर्बिनाफिन पूर्वी हमखास लागू पडायचं, आता अनेकांना पडत नाही. आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशीची जी जात फोफावलीय (हे नाव 2020 मध्ये जपानी संशोधकांनी दिलं), ती बऱ्याचदा या औषधाला दाद देत नाही. घरात ज्याला ज्याला झालंय त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा, नाहीतर हा खोखो संपत नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. ओली जीन्स घालू नका. आतले कपडे उलटे करून उन्हात. धुणं वेगळं भिजवा असं डॉक्टरही म्हणाले; ते सुनेनेच भिजवावं असं काही म्हणाले नाहीत.

मी डॉक्टर नाही. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर या गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा. वारंवार होत असेल तर साखर तपासा. प्रत्येक गोल चट्टा गजकर्णाचा नसतो. खाज नाही आणि टोचलं तरी कळत नाही असा फिका चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी. पाठीवरची शिबं वेगळी, ती एकमेकांना लागत नाहीत. आणि स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस आग आणि खाज जास्तच होईल. तेव्हा घरातलं कुणीतरी जुनी ट्यूब पुढे करेल. ती आजच कचऱ्यात टाका.