वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांच्या छळाचा अभ्यास आणि त्यावरच्या कार्यशाळा

१५ जूनच्या आसपास, म्हणजे ज्येष्ठांच्या छळाविरुद्धच्या जागतिक जागृती दिनाच्या निमित्ताने, संस्था आणि महाविद्यालयं चर्चासत्रं ठेवतात. हा दिवस २००६ पासून पाळला जातो आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. यावेळची बहुतेक पत्रं अशाच कार्यक्रमांच्या तयारीतून आलेली आहेत.

प्रश्न : संशोधन पद्धतींवर दोन दिवसांची कार्यशाळा घेतोय. ३० जण येतील : समाजकार्याचे विद्यार्थी, परिचारिका, संस्थांचे कार्यकर्ते. पहिला दिवस व्याख्यानं आणि दुसरा पूर्ण दिवस एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), असा आराखडा आहे. चालेल का?

नाही चालणार. सॉफ्टवेअर घरी बसूनही शिकता येतं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच पोटच्या पोराबद्दल विचारायचं कसं, हे मात्र समोरासमोर बसल्याशिवाय येत नाही.

पहिले दीड तास व्याख्येला द्या. ज्येष्ठांचा छळ रोखण्याबद्दलच्या २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यातली व्याख्या बहुतेक अभ्यास वापरतात. विश्वास अपेक्षित असलेल्या कुठल्याही नात्यात, एकदा किंवा वारंवार केलेली अशी कृती, किंवा करायला हवी ती न केलेली कृती, जिच्यामुळे ज्येष्ठ व्यक्तीला इजा होते किंवा त्रास होतो, तो छळ. ही व्याख्या फळ्यावर लिहून सोडून देऊ नका. आठ छोटे प्रसंग कार्डांवर लिहा आणि पाच-पाच जणांच्या गटांना ‘छळ’, ‘छळ नाही’, ‘माहिती अपुरी’ अशा तीन ढिगांत लावायला सांगा. मुलगा पेन्शन काढून आणतो पण हिशेब देत नाही. पडेल या भीतीने आईच्या खोलीला बाहेरून कडी लावली जाते. अनोळखी माणूस फोनवरून खात्यातले पैसे काढून घेतो. या शेवटच्या कार्डावर हटकून भांडण होतं, कारण तिथे विश्वासाचं नातंच नाही. तरीही काही अभ्यासांनी अशा घटना मोजल्या आहेत. भांडू द्या. कशाला छळ म्हणायचं हे ठरल्याशिवाय आकडा कशाचा आला हे कळत नाही, आणि ते या टेबलावरच उमगतं.

दुपारी प्रश्न लिहून घ्या. ‘तुमचा छळ होतो का?’ याला उत्तर ‘नाही’च येणार. ‘छळ’ हा शब्द प्रश्नावलीत नको, घटना हवी : ‘गेल्या १२ महिन्यांत घरातल्या किंवा जवळच्या कुणी तुमच्या मनाविरुद्ध कागदावर सही किंवा अंगठा घेतला का?’ उत्तर ‘हो’ असेल तर किती वेळा आणि कुणी. आधी तब्येत आणि दिनक्रम, मग वादावादी, घालूनपाडून बोलणं, पैसे, हेळसांड, मारहाण आणि शेवटी लैंगिक त्रास, असा क्रम ठेवा. मात्र त्याच प्रश्नावर उठू नका, एखाद्या साध्या विषयावर येऊन थांबा. हेळसांडीच्या प्रश्नांत एक चूक सर्रास होते. अंघोळ, जेवण, औषधं यांत ज्यांना मदत लागते त्यांनाच ‘मदत मिळाली नाही’ हा प्रश्न लागू होतो. सगळ्यांना विचारून सगळ्यांच्या संख्येने भागलं तर हेळसांडीचं प्रमाण उगाच कमी दिसतं.

मग तिघातिघांचे दहा गट करून सराव घ्या : एक विचारणारा, एक ज्येष्ठ, एक निरीक्षक. बारा मिनिटांनी भूमिका बदला. ज्येष्ठाच्या भूमिकेचं कार्ड लिहून द्या, नाहीतर लोक रडारडीचा अभिनय करतात आणि खरी अडचण, म्हणजे ‘आमचं सगळं छान आहे’ असं म्हणणारा माणूस, सरावात येतच नाही. निरीक्षकाने तीनच गोष्टी नोंदवायच्या : विचारणाऱ्याची नजर किती वेळा कागदावर गेली, ज्येष्ठाचं वाक्य त्यानेच किती वेळा पुरं केलं, आणि प्रश्नानंतर तो किती सेकंद थांबला. तीस जणांत कुणाच्या तरी घरात हा विषय चालू असतोच. कारण न सांगता बाहेर जाता येईल हे सुरुवातीलाच सांगा आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बसवा.

दुसऱ्या दिवशी नमुना निवड (कुणाला आणि किती जणांना विचारायचं ते), संमती आणि सुरक्षितता. शेवटच्या दोन तासांत साध्या स्प्रेडशीटवर ४० ओळींची बनावट माहिती देऊन तक्ते करायला लावा. तेवढं पुरतं.

प्रश्न : मुलाखतीच्या वेळी घरातलं कुणीतरी जवळून हलतच नाही. काय करावं?

दारात ‘छळाचं सर्वेक्षण’ म्हणूच नका. ‘ज्येष्ठांचं आरोग्य आणि रोजचं जगणं’ एवढंच नाव सांगा. पूर्ण हेतू संमती घेताना, एकांतात, त्या व्यक्तीलाच सांगायचा. ही पद्धत एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडून, आधी मंजूर करून घ्या. दोघांनी जा. एकाने कुटुंबाची माहिती विचारत बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत गुंतवायचं. प्रश्नावलीत झोप आणि गुडघेदुखीचं एक पान मध्येच ठेवा. कुणी आत आलं की ते उघडायचं, आणि हे आधीच ठरलंय असं ज्येष्ठालाही सांगून ठेवायचं.

ऐकू कमी येणाऱ्यांसमोर बसताना उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं बसा. ओरडून विचारावं लागलं तर एकांत संपला. अशा वेळी मोठ्या अक्षरांतली कार्डं दाखवा, उत्तर बोटाने दाखवू द्या. फोनवर विचारत असाल तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असेच प्रश्न ठेवा, म्हणजे शेजारी बसलेल्याला काही कळत नाही.

आणि एकांत मिळालाच नाही तर तो भाग रिकामा सोडून वेगळा कोड द्या. ‘विचारता आलं नाही’ आणि ‘नाही’ हे दोन्ही शून्य म्हणून भरले, तर नेमकी जिथे पाळत आहे तीच घरं निर्धोक ठरतात. छळाबद्दलचं पत्रकही मागे ठेवून येऊ नका. दवाखाना, बँक, पोलीस, मदत क्रमांक असं सगळं एकत्र छापलेलं छोटं कार्ड दिलं तर कुणाला संशय येत नाही.

प्रश्न : स्मृतिभ्रंश असलेल्यांना अभ्यासातून वगळतो. बरोबर ना?

सोयीचं आहे, पण छळाचा धोका ज्यांना जास्त त्यांनाच तुम्ही वगळताय. मिनी-कॉगसारखी चाचणी (तीन शब्द आठवणं, घड्याळ काढणं, एकूण ५ गुण) स्मरणशक्तीचा अंदाज देते. संमती देता येते की नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी समजावून झाल्यावर उलट विचारा : ‘मी कशाबद्दल विचारणार आहे? मध्येच नकोसं वाटलं तर काय कराल?’ त्यांच्या शब्दांत बरोबर उत्तर आलं तर पुढे जा. चुकलं तर पुन्हा एकदा सोपं करून सांगा, तरीही जमलं नाही तर थांबा. त्यांच्याऐवजी घरच्यांना विचारण्यात उघड धोका आहे : उत्तर देणारा आणि त्रास देणारा एकच असू शकतो. किती जणांना वगळलं आणि का, हा आकडा अहवालात द्यायलाच हवा.

प्रश्न : नमुना किती घ्यावा? मार्गदर्शक सांगतात, १०० पुरे.

कशासाठी पुरे, ते त्यांना विचारा. २८ देशांतल्या ५२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये आलं. त्यानुसार ६० वर्षांवरच्यांपैकी १५.७ टक्के जणांनी, म्हणजे सहांतल्या एकाने, वर्षभरात कुठला तरी छळ सोसला होता. प्रमाण १६ टक्के धरून, ९५ टक्के विश्वासपातळीला (शंभरातल्या ९५ वेळा अंदाज या पट्ट्यात बसेल) ३ टक्के मागेपुढे चालणार असेल, तर ५७४ जण लागतात. वस्त्या निवडून त्यातली घरं घेणार असाल तर दीडपट, ८६१, कारण एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. वीस टक्के लोक नकार देतील हे धरलं की यादीत १०७७ नावं हवीत. फक्त मारहाण मोजायची असेल तर आणखी जड जातं : त्याच विश्लेषणात तिचं प्रमाण २.६ टक्के होतं. ते १ टक्क्याच्या फरकाने पकडायला मुळात ९७३ जण लागतात, आणि वरच्यासारखी वाढ केली की १८२५. शंभर जणांत मारहाणीचे दोन-तीनच सापडतील. त्यांची टक्केवारी काढण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या केंद्रात मदत मागायला आलेल्या ६० जणांपैकी ४५ टक्के जणांचा छळ झाल्याचं आढळलं. परिषदेने गोषवारा परत पाठवला.

मदत मागायलाच आलेल्यांत छळाचं प्रमाण मोजणं म्हणजे दवाखान्यातल्या रांगेवरून गावातला ताप ठरवणं. ही माहिती प्रमाण सांगत नाही, पण स्वरूप सांगू शकते : त्रास कोण देतं, किती काळ सोसल्यावर माणूस तुमच्या दारात येतो, पैशांचा त्रास आणि शिवीगाळ एकत्र असतात का. गोषवारा त्याभोवती पुन्हा लिहा आणि शीर्षकातून ‘प्रमाण’ काढा. साधन (कुठली प्रश्नावली) आणि उंबरठाही (किती वेळा घडलं तर छळ मोजला) लिहा. पिलमर आणि फिंकेलहोर या संशोधकांनी बोस्टनमध्ये दोन हजारांवर ज्येष्ठांना विचारलं, तेव्हा आकडा आला हजारी ३२; हा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी शिवीगाळ वर्षात किमान दहा वेळा झाली तरच मोजली होती, आर्थिक पिळवणूक तर धरलीच नव्हती. उंबरठा न सांगता त्या आकड्याशेजारी तुमचा आकडा ठेवला, तर परीक्षक परतच पाठवणार.

प्रश्न : चर्चासत्रात एखाद्या पीडित आजींना बोलायला बोलवावं का?

नको. सभागृहात कुणीतरी फोनवर चित्रण करतं आणि आजी त्या रात्री त्याच घरी परततात. अनेकांच्या अनुभवांतून ओळख पुसून तयार केलेलं निवेदन दुसऱ्या कुणी वाचावं.

प्रश्न : मुलाखतीत जिवाला धोका असल्याचं कळलं, तर गुप्ततेचं वचन मोडायचं का?

मोडावं लागेल असं वचन देऊच नका. संमतीपत्रातच लिहा : ‘तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आम्ही अमुक व्यक्तीला कळवू.’ काही ठिकाणी कायद्यानेच कळवावं लागतं, ते आधी तपासा. क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी एका पानावर तीन पायऱ्या लिहून ठेवा. धोका नाही : कार्ड द्यायचं. त्रास चालू आहे : त्यांच्या परवानगीने कार्यकर्त्याशी गाठ घालून द्यायची. आजच धोका आहे : घराबाहेर पडताच पर्यवेक्षकाला फोन, आणि निर्णय पर्यवेक्षकाचा. तो फोन रविवारी संध्याकाळीही कोण उचलणार, ते नाव त्याच पानावर हवं.