फोटो कुठेच सापडला नाही, म्हणजे बाई खरी?

दोन वर्षं तुमच्या ऑनलाइन गटात लिहिणारी, लंडनला डॉक्टर म्हणवणारी बाई आता उपचारांसाठी पैसे मागतेय. गूगलवर तिचा फोटो टाकून पाहिला, कुठेच सापडला नाही, म्हणून ती खरी धरायची का, असं तुम्ही विचारलंय. मी धरणार नाही. फोटो बंद खात्यातून उचललेला असेल, डावा-उजवा उलटवलेला असेल, किंवा संगणकाने घडवलेलाही असेल. खरं पाणी मुरतंय ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यात: तिला अजून कुणी भेटलेलं नाही.

२०११ची अमीना आठवते? दमास्कसमधली समलिंगी तरुणी म्हणून ब्लॉग लिहायची. सीरियात उठाव पेटलेला, मोठमोठी वर्तमानपत्रं तिचा हवाला देत होती. ६ जूनला तिच्या नात्यातल्या 'चुलत-मावस बहिणी'ने ब्लॉगवर लिहिलं की तिला हत्यारबंद लोकांनी उचलून नेलं. सुटकेची मोहीम सुरू झाली. तेव्हा अँडी कार्विन या अमेरिकन पत्रकाराने ट्विटरवर साधं विचारलं, हिला प्रत्यक्ष भेटलेलं कुणी आहे का? कुणीच पुढे येईना. कॅनडातल्या एका मैत्रिणीशी शेकडो ईमेल झालेल्या, पण तिनेही कधी आवाज ऐकलेला नव्हता.

फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचे निघाले. सोंग घेणारा सापडला तो मात्र एका जुन्या पत्त्यामुळे. अमीनाने कधीतरी एका ओळखीच्याला अमेरिकेतल्या जॉर्जियाचा पत्ता दिला होता. मालमत्तेच्या नोंदीत ते घर टॉम मॅकमास्टरचं. हा गृहस्थ एडिंबरा विद्यापीठात शिकत होता, आणि अमीनाचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे क्रमांकही तिथलेच. १२ जूनला त्याने कबुली दिली. कहर म्हणजे अमीना आधी ज्या संकेतस्थळावर लिहायची, त्याची संपादिका 'पॉला ब्रुक्स' हीसुद्धा दुसऱ्याच दिवशी पुरुष निघाली!

म्हणून 'आमच्यातल्या चौघी तिला चांगल्या ओळखतात' या तुमच्या म्हणण्याला मी फार किंमत देत नाही. चौघींची ओळख गटातूनच झाली ना? भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा निदान खऱ्या भाऊंना पाहिलेली माणसं पुण्यात होती. इथे ताडून बघायला मूळच नाही.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायला जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागतं आणि ती ऑनलाइन कुणालाही बघता येते. नाव सापडलं तरी हुरळू नका, खऱ्या डॉक्टरचं नाव उसनं घेता येतंच की. रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधा, तिने दिलेला नको, आणि तिथून तिच्याशी जोडून मागा.

हे सगळं तिला काही विचारण्याच्या आधी करा. त्याहीआधी तिच्या पोस्ट, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितलेले निरोप, खाते क्रमांक यांचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. संशय आला की अशी खाती रातोरात गायब होतात. गटात जाहीर आरोप तर नकोच, बाई खरोखर आजारी असली तर? आणि कुणी आधीच पैसे पाठवले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.