लातूर जिल्ह्यात आमचा २५ जणांचा वृद्धाश्रम आहे. कोरोनाचे नियम अजून लागू आहेत का? ताप आला तर कुणाला कळवायचं?

ताई, राज्यातले कोरोनाचे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. पण १८९७ चा साथरोग कायदा तसाच आहे. साथ आली की राज्य सरकार त्याखाली नवे नियम काढू शकतं आणि ते तुमच्या आश्रमालाही लागू होतात.

आता कळवण्याचं. खेडेगावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, शहरात असाल तर मनपा किंवा नगरपालिकेचा आरोग्य विभाग. तिथून माहिती जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या साथींवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाते. फोन कराच, पण तारीख घालून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

आणि घरच्यांना कधी कळवायचं? अमेरिकेने मे २०२० मध्ये तिथल्या नर्सिंग होमना घातलेली अट मला फार पटते: एक जण बाधित निघाला, किंवा ७२ तासांत तीन जणांना नव्याने श्वसनाची लक्षणं दिसली, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत रहिवासी व नातेवाइकांना कळवायचं. आपल्याकडे ती बंधनकारक नाही, तरी पाळा. मुलं पुण्या-मुंबईला असतात, त्यांना बातमी तुमच्याकडूनच कळायला हवी.

आणि एक साधी वही ठेवा: नाव, ताप, ऑक्सिजन, कोण भेटून गेलं. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी ताप येतच नाही, नुसतं जेवण सुटतं नाहीतर बोलण्यात भ्रम होतो. तेही लिहा.