वाचक विचारतात : स्टे म्हणजे निकाल नव्हे

प्रश्न : हेगच्या न्यायालयाने इस्रायलला नरसंहाराबद्दल दोषी ठरवले, असे एका वाहिनीवर ऐकले. दुसरीवर सांगितले की न्यायालयाने काहीच मानले नाही. खरे कोणाचे? – निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर : सर, दोघांचेही नाही. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि २६ जानेवारी २०२४ रोजी अंतरिम आदेश निघाला. नरसंहार करारात मोडणारी कृत्ये होऊ देऊ नका, गाझात मदत पोहोचू द्या, असे इस्रायलला बजावले. युद्ध थांबवा असे त्या आदेशात नव्हते. नरसंहार झाला की नाही, यावरही न्यायालय तेव्हा काही बोलले नाही. वाटणीच्या दाव्यात स्टे मिळाला म्हणून जमीन आपली झाली, असे तुमच्या तालुक्यात कोणी मानत नाही. इथेही तसेच समजा. अंतिम निकालाला किती काळ लागू शकतो? बोस्नियाने सर्बियाविरुद्धचा दावा १९९३मध्ये लावला, निकाल आला २००७मध्ये.

अशी बातमी आली की आधी संस्था कोणती ते पाहावे. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशादेशांतले तंटे ऐकते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळे. ते व्यक्तींवर खटले चालवते. दोन्ही हेगमध्येच, त्यामुळे वार्ताहरही घोटाळा करतात. मग टप्पा पाहावा. वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे आणि सल्लागार मत म्हणजे निवाडा नव्हे. शेवटी बंधन कोणावर, हे पाहावे. अंतरिम आदेश बंधनकारक असतो, पण तो अमलात आणायला न्यायालयाकडे पोलीस नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा युद्धाबद्दलचा ठराव ही शिफारस असते. सुरक्षा परिषदेचा निर्णय सदस्य देशांवर बंधनकारक असतो, पण पाच कायम सदस्यांपैकी एकाने विरोधी मत दिले तरी ठराव बारगळतो. आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मिळतो. सगळा वाचायची गरज नाही. अगदी शेवटचा, प्रत्यक्ष काय फर्मावले तो भाग वाचला की बहुतेक मथळ्यांची हवा निघते.

प्रश्न : एका बाजूचे हजार मेले आणि दुसऱ्या बाजूचे त्याच्या कितीतरी पट, तर युद्धकायद्यातले ‘प्रमाण’ मोडलेच ना? – दुकानदार, बेळगाव

उत्तर : नुसत्या बेरजेवरून ते ठरत नाही. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराच्या कलम ५१मधली कसोटी अशी : हल्ल्यातून अपेक्षित असलेल्या ठोस आणि थेट लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अतिरेकी होणार असेल, तर तो हल्ला निषिद्ध. ती प्रत्येक हल्ल्याला वेगळी लावायची असते आणि हुकूम देणाऱ्याला त्या वेळी काय ठाऊक होते, ते पाहायचे असते. अर्थात मोठा आकडा हा पुरावा म्हणून फार बोलका असतो, तो झटकून टाकणारेही चूकच करतात. मुद्दाम नागरिकांवर हल्ला केला असेल तर मात्र प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. फायदा कितीही असो, तो गुन्हाच. आणि लढण्याचे कारण न्याय्य असले म्हणून लढण्याची रीत आपोआप न्याय्य होत नाही. चर्चा सगळ्यात जास्त घसरते ती इथे.

प्रश्न : ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ या कौटिल्याच्या सूत्राने आजचे राजकारण कळते का? वाचायला कुठून घ्यावे? – विद्यार्थी, निपाणी

उत्तर : अर्धेच कळते, कारण लोक त्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या सहाव्या अधिकरणाशी, म्हणजे भागाशी, थांबतात. तिथे दुसऱ्या अध्यायात मंडल, म्हणजे राजांचे वर्तुळ, आहे : विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), त्याचा लगतचा अरी (शत्रू), अरीपलीकडचा मित्र, असे मोजत बारा राजे. सातव्यात संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (स्वस्थ बसणे), यान (चढाई), संश्रय (दुसऱ्याचा आश्रय), द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध) हे सहा उपाय येतात. त्याच्या दुसऱ्या अध्यायात कौटिल्य स्वच्छ सांगतो की लाभ सारखाच असेल तर युद्धापेक्षा संधी करावी, कारण युद्धात माणसे जातात, पैसा जातो, घर सोडून दूर राहावे लागते. भाषणांत हे वाक्य कधी ऐकू येत नाही.

एकूण पंधरा अधिकरणे आहेत. पहिल्यापासून सुरू केलेत तर अध्यक्षांच्या, म्हणजे खातेप्रमुखांच्या, कामांच्या याद्यांत अडकाल. सहावे घ्या, त्यात दोनच अध्याय आहेत. मग सातव्याचे पहिले तीन. मूळ संहिता शामशास्त्रींनी आपल्याच राज्यात, म्हैसूरमधून १९०९मध्ये प्रसिद्ध केली. अभ्यासाला मात्र र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाची तीन खंडांची आवृत्ती धरा.

वाचून झाल्यावर आपल्या काळातली एक घटना त्यावर घासून पाहा. २ मार्च २०२२ रोजी आमसभेने युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध केला : १४१ बाजूने, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. भारत तटस्थ राहिला. लगेच ‘उदासीन’ असे लिहू नका. कौटिल्याचा उदासीन हा अरी, विजिगीषू आणि मध्यम (त्या दोघांच्याही लगतचा बलवान राजा) या तिघांहून बलवान असतो. भारताला ते लागू नाही. ‘आसन’ म्हणजे वाट पाहत स्वस्थ बसणे. ते जवळचे वाटते, पण त्याच काळात रशियाकडून तेलखरेदी वाढवली, तिला काय म्हणाल? एका बाजूशी संधी आणि दुसरीशी विग्रह तो द्वैधीभाव, आणि विग्रह तर इथे कोणाशीच नाही. कोणताच शब्द पुरता बसत नसेल तर कुठे बसत नाही, तेवढे वहीत लिहून ठेवा.