राऊंडच्या वेळी कोण हाक मारतंय ते आधी बघ

बाळा,

मेसेज वाचला तुझा. परभणीसारख्या ठिकाणी वृद्धाश्रमात लागलीस, लई बरं वाटलं. सकाळी औषधाची ट्रॉली घेऊन निघालं की जो तो सिस्टर सिस्टर करतो, एक राऊंड सलग होत नाही असं लिहिलंस. हे तुझ्या एकटीचं नाही गं. सिडनीच्या दोन हॉस्पिटलांमधी नर्स औषध देताना सोबत थांबून नोंदी घेतल्या होत्या, २०१० मधी छापून आलं ते, तर निम्म्याहून जास्त वेळा मधेच कुणीतरी थांबवलेलं, आणि दर अडथळ्यामागं चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या. त्यामुळं तुझं लक्ष नसतं असं कुणी म्हणलं तर मनाला लावून घेऊ नको.

आणि म्हातारपणी चूक लई महागात पडते. एकेकाला सात-आठ गोळ्या, किडनी मंदावलेली, त्यात शेजारी शेजारी दोन कमलबाई. इन्सुलिन, हृदयाची डिगॉक्सिन गोळी, रक्त पातळ करायची गोळी, ह्यांच्यात गफलत झाली तर ती जिवावर बेतू शकते.

बाहेरच्या देशात 'औषध देतेय, थांबवू नका' असं लिहिलेलं जाकीट घालून बघितलंय. सिडनीतच २०१७ च्या एका अभ्यासात औषधाशी संबंध नसलेले अडथळे शंभर डोसमागं ५० वरून ३४ वर आले, फायदा झालाच, पण जाकिटात उकडतं म्हणून नर्सेसच कंटाळल्या. मग आपल्याकडं मे महिन्यात कोण घालणार! माझं मत विचारशील तर अडथळा राऊंडच्या आधीच संपवायचा असतो. ट्रॉली काढायच्या आधी मावशीला घेऊन एक चक्कर मार, कुणाला बाथरूमला जायचंय, कुणाचा तांब्या रिकामा आहे, कानाचं मशीन कुणाचं राहिलंय, गुडघा कुणाचा ठणकतोय. निम्म्या हाका ह्याच्याच असतात. लेकरांचे पुण्या-मुंबईहून फोन येतात ते ऑफिसात घेऊ देत, सिस्टर राऊंड झाल्यावर फोन करतील एवढंच सांगायचं, आणि मग तू खरंच करायचा. एकादशीचं तर आदल्या दिवशीच विचारून ठेव, उपास कुणाकुणाला आहे, कारण शुगरवाल्यांनी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि खाल्लंच नाही तर शुगर खाली जाते, म्हणून डोसचं डॉक्टरांना आधी विचारायचं, ट्रॉलीपाशी उभं राहून स्वयंपाकीणबाईशी ती चर्चा करायची नाही.

तरी कुणी मधी आलंच तर हातातल्या पेशंटचं पूर्ण कर, गोळी गिळली बघ, सही कर, मग बोल. आणि अर्ध्यात सोडावंच लागलं, म्हणजे कुणी पडलं, छातीत दुखतंय, घास अडकलाय, तर गोळ्यांची वाटी टेबलावर ठेवून पळायचं नाही, ट्रॉलीत टाकून कुलूप लावायचं. परत आल्यावर त्या पेशंटचं नाव, चार्ट, स्ट्रिप सगळं पहिल्यापासून. इथपर्यंत झालं होतं वाटतं, असं म्हणून पुढं जायचं नाही.

पण एक हाक कधीच टाळू नको. एखादी आजी म्हणती, "रोज पांढरी असती, आज पिवळी कामून गं?" तिथं थांबायचं. कंपनी बदललेली असू शकते, किंवा ती गोळी दुसऱ्याच बाईची असू शकते. तिला गप घ्या आजी म्हणलं तर पुढच्या वेळी ती विचारणारच नाही, आणि तिच्यासारखं गोळी ओळखणारं दुसरं कुणी तिथं नाही.

आता आठ दिवस एका वहीत टिपून ठेव, राऊंडमधी कशासाठी थांबवलं. कुणाचं नाव लिहू नको, फक्त कारण आणि वेळ. ते घेऊन इंचार्ज ताईंकडं जा आणि राऊंडपुरता तरी फोन दुसऱ्याकडं द्या म्हणून माग. नाही म्हणल्या तर मला कळव, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी ताई