रात्री अकराचा फोन

"मॅडम, तुम्हीच त्याला सांगा, परत ये म्हणून. आम्हाला नको ते पैसे."

नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या काकूंनी हे सांगून टाकलं आणि मग पदर डोळ्यांना लावला. मुलगा एकोणतीस वर्षांचा. अंबडच्या एका कारखान्यात टूल डिझाइनला होता, ऑगस्टमध्ये जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या गावात नोकरीला गेला. पहिले दोन महिने नुसते फोटो. नोव्हेंबरपासून मात्र रोज रात्री अकराला फोन, दोन-दोन तास, आणि त्यातला निम्मा वेळ तो गप्पच. (दोघांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मी चूक केली का? परत येऊ का?" परदेशी गेलेली मुलं मला सर्वांत जास्त हाच प्रश्न विचारतात. त्याचाही तोच होता. पण व्हिडिओवर पहिल्यांदा भेटला तेव्हा सुरुवात त्याने वेगळीच केली. म्हणाला, "काम जमतंय मॅडम. कचरा जमत नाही."

तिकडे कागद, प्लॅस्टिक, ओला कचरा आणि उरलेला, असे वेगवेगळे डबे असतात. याने एकदा प्लॅस्टिकची पिशवी कागदाच्या डब्यात टाकली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी ती पिशवी हातात घेऊन दारात उभ्या. काय बोलल्या ते त्याला निम्मं कळलं. आजी गेल्या, आणि हा पिशवी घेऊन जिन्यातच बसला आणि रडला. अंबडला ज्याच्या सहीशिवाय ड्रॉइंग पुढे सरकत नव्हतं तो माणूस! त्याला लाज कचऱ्याची वाटलीच नव्हती. आपण पुन्हा पहिलीतलं पोर झालो, याची वाटली होती.

कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये 'कल्चर शॉक'बद्दल लिहिताना हेच नेमकं पकडलं आहे. कुणाला कधी नमस्कार करायचा, खरेदी कशी करायची, समोरचा खरं बोलतोय की चेष्टा करतोय, या खुणा आपल्याला न शिकवता येत असतात. त्या एकदम नाहीशा झाल्या की माणूस कासावीस होतो. त्याआधी १९५५ मध्ये लिस्गार्ड या अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांना विचारलं होतं. ६ महिन्यांपेक्षा कमी आणि १८ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले बरे रुळले होते, मधलेच जास्त बेचैन होते. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांचा आलेख असा निघाला नाही, हेही मी त्याला सांगितलं. पण "मधे खड्डा असतो" एवढं ऐकूनच त्याचा चेहरा जरा सैल झाला.

त्यात भाषा. जर्मनचं बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, सर्टिफिकेट घेऊन गेलेला, आणि ऑफिसात जेवताना सगळे तिथली बोली, श्वेबिश, बोलतात. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला सटाण्याच्या बाजारात उभं करून अहिराणी ऐकवावी, तसं. त्यात अंधार. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हा अंधारात घर सोडायचा आणि अंधारात परतायचा. रविवारी दुकानंही बंद. कॉलेज रोडला संध्याकाळी नुसतं उभं राहिलं तरी चार ओळखीचे भेटणाऱ्या मुलाला अख्खा रविवार कुणी नावाने हाक मारत नव्हतं.

आणि मग तो फोन. तिथली साडेसहाची वेळ, हिवाळ्यातल्या साडेचार तासांच्या फरकाने नाशिकची अकराची. कामावरून आला की बूट काढायच्या आधी फोन. साडेआठला ठेवला की जेवण आणि झोप. म्हणजे जर्मनीतली एकुलती एक मोकळी वेळ तो नाशिकमध्येच घालवत होता. आईला फोन करू नकोस, असं मी कधीच सांगणार नाही. तो आधार होता. वेळ तेवढी बदलायला लावली. फोन रविवारी सकाळी आणि बुधवारी. बाकीच्या दिवशी एकच काम, त्याच जागी, त्याच वेळी जायचं. प्रेक्षणीय स्थळं पाहायला मी सांगत नाही, तिथे कुणी ओळखीचं होत नाही. शनिवारी सकाळी नऊला तीच बेकरी. मंगळवारी जर्मनचा वर्ग. शाळेत टेबल टेनिस खेळायचा, तर गुरुवारी गावातल्या क्लबात. दुपारच्या सुट्टीत जेवणाआधी पंधरा मिनिटं उजेडात चालायचं.

तीन आठवडे काही घडलं नाही. "बेकार आयडिया आहे मॅडम," असं तो मोकळेपणी म्हणाला. चौथ्या शनिवारी बेकरीतल्या बाईंनी "ग्रूस गॉट" (तिकडचा नमस्कार) म्हणून न विचारता त्याचा नेहमीचा पाव कागदात गुंडाळला. हे सांगायला त्याने मला मेसेज केला, फक्त पावाचा फोटो.

एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच तपासली होती. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कामही सुटत असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ते 'रुळणं' म्हणून सोडून द्यायचं नसतं. तिथल्या डॉक्टरांकडे लगेच जायचं आणि घरीही सांगायचं. त्याचं तसं नव्हतं. असतं तर परत यायचा सल्लाही मी बिनदिक्कत दिला असता. परत येण्यात कमीपणा कसला? फक्त तो निर्णय डिसेंबरातल्या अंधारात, एकट्याने, रात्री घ्यायचा नसतो. आम्ही त्यासाठी जून ठरवला. जून अजून यायचा आहे.

रंगपंचमीला काकूंनी त्याला व्हिडिओवर तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, दाखवली. पोरं धप्पा मारत होती, रंगीत पाणी उसळत होतं. दहा मिनिटं त्याने हसत पाहिलं आणि म्हणाला, "आई, जेवायला मंडळी थांबलीत, ठेवतो."

गेल्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या, या वेळी स्वतःसाठी. "त्याचं बरं चाललंय हो. पण अकरा वाजले की मला जाग येते, हात फोनकडे जातो. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेवढंच काय ते बोलणं व्हायचं माझं."

बुधवार त्याच्या फोनचा, म्हणून त्यांना मी गुरुवारची वेळ दिली आहे.